झडप आणि नव्वद मेणबत्त्या

गाडीची एक झडप बदलायची, एवढंच मी ठरवलं होतं. मुठीत मावेल एवढी झडप. पुढे तिच्यात माझी बायको, शेजारी, वाहतूक कार्यालय, घरातली भात वाफवायची हंडी आणि एक आदरणीय भिक्खू असे सगळे गुंततील असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी बसने गेलो असतो. पण आमच्या गल्लीत सांगण्यासारखी गोष्ट कुणी सांगत नाही. बाकी सगळं सांगतात.

गाडी जुनी आहे आणि जर्मन आहे. तिचं वय सतरा, म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरी उलटलेली. सपाट रस्त्यावर ती अजून एखाद्या खानदानी बाईसारखी चालते. पण फू-साय डोंगराचा बावीस किलोमीटरचा चढ लागला की तिच्या इंजिनातलं तेल तापतं, काटा एकशे तीसवर जातो आणि ती रुसते. रुसते म्हणजे बंद पडत नाही. बैलगाडीच्या वेगाने चालते आणि मागे तुंबलेल्या गाड्यांना माझी पाठ दाखवते. हे अपमान मी वर्षानुवर्षं सोसले. यंदा सोसून चालणार नव्हतं.

कारण यंदा नववा अध्याय माझ्याकडे होता. चौथ्या महिन्यात डोंगरावरच्या मंदिरात वेस्संतर राजाची, म्हणजे बुद्धाच्या आदल्या जन्माची, कथा गातात. तेरा अध्याय, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, एका दिवसात, ओळीने. एकेका अध्यायाचं यजमानपण एकेका घराकडे असतं. नववा अध्याय मद्दी राणीचा. ती रानातून फळं घेऊन परत येते, आणि तिची मुलं नवऱ्याने दान करून टाकलेली असतात. माझ्या आईचा हा आवडता अध्याय. ती गेल्या पावसाळ्यात गेली, म्हणून तिच्या नावाने मी तो घेतला. आणि गाणार होते लुआंग-पो खामपान. आमच्याकडे वडीलधाऱ्या भिक्खूंना लुआंग-पो म्हणतात, आणि हे तर खरोखरच सगळ्या जिल्ह्याचे वडील होते. वय एकोणऐंशी. मद्दीची जुनी चाल आता त्यांच्या एकट्याच्या गळ्यात उरली आहे. त्या गळ्याला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की यंदाचं गाणं शेवटचं, यापुढे नुसतं बोलायचं, तेही हळू.

त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. प्रायून म्हणजे मी. "प्रायूनच्या गाडीतून येईन. तिची सीट माझ्या कंबरेला मानवते."

आता सांगा. मंदिरात कुणी कुणासाठी थांबत नाही. आठवा अध्याय संपला आणि नवव्याचा गायक आला नसेल, तर जवळचे एखादे तरुण भिक्खू ताडपत्रावरून सरळ वाचून टाकतात, जसं बातम्या वाचतात तसं. आईचा अध्याय आणि तो बातम्यांसारखा! मी देच मिस्त्रीकडे गेलो.

देच मिस्त्री माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला 'पी' म्हणतो, म्हणजे दादा, पण ज्या सुरात म्हणतो त्या सुरात लोक मांजराला 'राजे' म्हणतात.

"पी, तुमची गाडी वाईट नाही. तिचा द्वारपाल आळशी आहे," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं, आणि मला मान्य करायला हवं की इतकं चांगलं निरूपण मी मंदिराबाहेर क्वचितच ऐकलं आहे. इंजिनाच्या तेलाला दोन रस्ते असतात. एक आतल्या आत फिरायचा आणि दुसरा पुढच्या जाळीमागच्या कूलरमधून वारा खाऊन परत यायचा. कुठल्या रस्त्याने जायचं हे ठरवते ही झडप. तिच्या पोटात मेण असतं. तेल थंड असतं तेव्हा मेण घट्ट, दार बंद, तेल घरातच फिरतं आणि लवकर कोमट होतं. थंड तेल काकवीसारखं जाड असतं, त्याने इंजिनाचे सांधे नीट भिजत नाहीत. तेल तापलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, दार उघडतं आणि तेल कूलरकडे निघतं.

"मग आमच्या गाडीत काय बिघडलंय?"

"काहीच नाही. कंपनीने दारच असं दिलंय की एकशे दहा अंश झाले तरी ते म्हणतं, बघू या. उघडतं तेही किलकिलं. तोवर तुम्ही आणि तेल दोघंही उकळता. सुधारलेली झडप मिळते. ऐंशीच्या आसपास उघडायला लागते आणि शंभराच्या आत सताड उघडते. तेल ना काकवी होतं, ना पाणी."

झडपेच्या पोटात मेण आहे हे ऐकून मला एकदम आपलेपणा वाटला. जी गोष्ट मेणावर चालते ती थोडीफार मंदिराचीच. शिवाय मी नोकरी करतो पाणीपुरवठा कार्यालयात. सव्वीस वर्षं मी झडपांची नोंदवही लिहितो. प्रत्यक्षात झडप कधी हातात घेतली नव्हती ही गोष्ट वेगळी. आमच्या खात्यात झडपा कागदावर उघडतात आणि कागदावरच बंद होतात, आणि पाणी आपलं आपण येतं किंवा येत नाही.

झडप आली, बसली. देचने आणि मी डोंगरावर एक चक्कर मारली. काटा चढला, अठ्ठ्याण्णववर आला आणि तिथे एखाद्या साधकासारखा स्थिर झाला. मी देचला मिठी मारली. त्याला ती आवडली नाही.

इथे ही कथा संपायला हवी होती. संपली नाही, याला कारण माझा प्रामाणिकपणा.

गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख जवळ आली होती, आणि नेमका मी उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी तपासणी केंद्रात गेलो. सकाळी मंदिरात पाच शीलं घेतली होती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथल्या मुलीने कागदावर नजर ठेवूनच विचारलं, "इंजिनात काही बदल?" हा प्रश्न ती दिवसातून शंभरदा विचारते आणि शंभर लोक 'नाही' म्हणतात. मी म्हणालो, "हो. तेलाची झडप."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. "लुंग," ती म्हणाली. लुंग म्हणजे काका. "लुंग, तुम्ही 'नाही' म्हणा ना."

"आज नाही म्हणता येणार. उद्या येऊ का?"

पण तिचा पेन चालला होता. मला वाहतूक कार्यालयात पाठवण्यात आलं.

तिथे खिडकीमागे खुन विरोत बसतात. खुन म्हणजे श्रीयुत. अतिशय सभ्य माणूस. मी त्यांच्याकडे चार वेळा गेलो आणि चारही वेळा त्यांनी मला हात जोडून, हसून परत पाठवलं. त्यांच्या अर्जावर चार चौकटी होत्या: रंग, इंजिन, इंधन, इतर.

"तेल बदललंत म्हणजे इंधन," ते म्हणाले.

"इंधन नाही, वंगणाचं तेल. आणि तेलही बदललं नाही. तेलाचा रस्ता बदलला."

"रस्ता बदलला? म्हणजे इंजिन बदललं."

"इंजिन तेच आहे. फक्त ते आता कमी तापतं."

त्यांनी पेन खाली ठेवला. "खुन प्रायून, वाहन कमी तापतं असं लिहायला चौकट नाही. जास्त तापतं असंही नाही. वाहनाने तापावं की नाही, याबद्दल खात्याचं काहीच मत नाही." मग म्हणाले, "तुम्ही अभियंत्याचं पत्र आणा. झडपांमधला जाणकार हवा."

झडपांमधला जाणकार अभियंता जिल्ह्यात एकच, आमच्या कार्यालयातला. त्याने शिक्का मारून पत्र दिलं: 'सदर झडप पाहिली. गळती नाही. पिण्याच्या पाण्याशी संबंध नाही.' खुन विरोत ते पत्र दोनदा वाचून प्रसन्न झाले. 'इतर' या चौकटीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाहनाचा स्वभाव सौम्य झाला आहे.' आणि शिक्का मारला.

या विजयाच्या आनंदात मी ती चूक केली.

गाडीत मे-यानांग असते, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. होडीत असते, ट्रकमध्ये असते, विमानातही असणार. वाहनाची देवी. एवढा शिक्का मिळाला तर तिचे आभार मानायला नकोत? मी झेंडूची माळ घेऊन आरशाला बांधत होतो, तेवढ्यात कुंपणावरून लुंग सानान यांचं डोकं आलं. हे आमचे शेजारी. चाळीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल एकाही पेशंटने परत येऊन तक्रार केली नाही, असं ते अभिमानाने सांगतात.

"आत कसली बांधतोस? आत बांधतात ते नव्या गाडीला. जुन्या गाडीच्या देवीला वारा लागतो. बाहेर, पुढच्या जाळीवर बांध. आणि नुसती माळ? कापड हवं."

कापड. मी घरात गेलो, कपाट उघडलं आणि आईचं खांद्यावरचं पांढरं वस्त्र हाती आलं, मंदिरात जाताना ती घ्यायची ते. माझ्या मनात आलं, आईच्या नावाचा अध्याय आहे, आईच्या वस्त्राने गाडीला आशीर्वाद मिळू दे. मी ते चांगलं रुंद पसरून पुढच्या खालच्या जाळीवर बांधलं. राम्फा, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. तिने काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी चढावर गेलो. काटा एकशे आठ.

मला वाटलं, देवीला एवढं पुरलं नाही. मी तीनरंगी कापड बांधलं. काटा एकशे चौदा. जाईच्या माळा बांधल्या. एकशे सतरा. लुंग सानान म्हणाले लाल, मी लाल बांधलं. वाहतूक कार्यालयातल्या खुन विरोत यांनीसुद्धा बाजारात भेटल्यावर सोनेरी कापडाची शिफारस केली, आणि ती सरकारी शिफारस म्हणून मी लगेच अमलात आणली. आठवड्याभरात गाडीचं तोंड एखाद्या नवरदेवाच्या घोड्यासारखं दिसू लागलं आणि काटा एकशे पंचवीसवर पोचला. कापड आणि काटा यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं तर असं आलं, की तापमान वाढतंय म्हणजे भक्ती कमी पडतेय.

मी देचला बोलावलं. तो गाडीखाली झोपला, पाईपला हात लावला, बाहेर आला, पुढे गेला, त्या सगळ्या कापडांकडे बराच वेळ पाहिलं, हात जोडले आणि परत मागे आला.

"झडप उघडतेय पी. तेल कूलरकडे जातंय."

"मग थंड का होत नाही?"

देच मान खाजवत म्हणाला, "झडप काढून तपासू या."

झडप काढून तपासायची म्हणजे पाण्यात उकळायची. मोठं भांडं हवं होतं. घरात एकच होतं, राम्फाची भात वाफवायची हंडी, तिच्या माहेरची. मी विचारलं नाही, ही माझी चूक. अर्ध्या तासाने राम्फा स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या हंडीत इंजिनाची झडप पोहत होती, पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य तरंगत होतं, आणि मी व देच थर्मामीटर धरून श्वास रोखून उभे होतो.

"ऐंशी," देच म्हणाला. "हलली! पी, बघा, हलली!"

आणि खरंच, त्या छोट्याशा झडपेने हळूच दार उघडलं, कमळाच्या कळीसारखं. मला भरून आलं. राम्फालाही भरून आलं, पण निराळ्या कारणाने. आम्ही चार दिवस बाजारचा भात खाल्ला.

झडप निर्दोष ठरली, परत बसली. काटा तरी एकशे पंचवीस. उत्सवाला एक दिवस उरला. लुंग सानान म्हणाले, "माझ्या पिकअपमधून ने त्यांना." मी म्हणालो, "त्यांच्या कंबरेला ही सीट मानवते." खरं तर माझ्या मानेला ती पिकअप मानवत नव्हती. सगळ्या गल्लीसमोर चार महिने मी झडपेचं माहात्म्य गायलं होतं. शेवटी त्यांनी एक गुपित दिलं: "चढावर तापली तर एसी बंद कर आणि हीटर पूर्ण सोड. इंजिनाची गरमी आत ओढून घेतो. ॲम्ब्युलन्समध्ये आम्ही हेच करायचो."

"आणि पेशंट?"

"म्हणालो ना, तक्रार नाही."

उत्सवाच्या दिवशी लुआंग-पोंचं जेवण अकराला आटोपलं, थोडी विश्रांती झाली आणि सव्वाबाराला आम्ही निघालो. ते पुढे माझ्या शेजारी. राम्फा मागे, मांडीवर परातीत नव्वद मेणबत्त्या. मद्दीच्या अध्यायात नव्वद गाथा, म्हणून नव्वद. दीडच्या सुमारास नववा अध्याय सुरू होईल असा निरोप होता. वेळ भरपूर होता. बाहेर अडतीस अंश होते.

सातव्या किलोमीटरला काटा एकशे अठराला गेला. मी लुआंग-पोंची क्षमा मागून एसी बंद केला. नवव्या किलोमीटरला एकशे चोवीस. मी पुन्हा क्षमा मागितली आणि हीटर सोडला.

लुआंग-पो गळ्याला उपरणं गुंडाळून डोळे मिटून बसले होते. घाम त्यांच्या भुवयांवरून थेंबाथेंबाने उतरत होता. दोन किलोमीटरनंतर ते शांतपणे म्हणाले, "प्रायून, नरकाचं वर्णन मी पन्नास वर्षं गातोय. आज कळतंय की थोडं सौम्य गात होतो."

"माफ करा, लुआंग-पो. तेल..."

"तेलात तळतात, तेही त्यात आहे."

मागून राम्फा म्हणाली, "अहो, मेणबत्त्या."

मी आरशात पाहिलं. नव्वदच्या नव्वद मेणबत्त्या कमरेत वाकल्या होत्या. परातीभर नमस्कार चालला होता. आणि त्याच क्षणी काटा एकशे तीसला टेकला आणि गाडी रुसली.

बैलगाडीच्या वेगाने मी तिला एका वळणावर सावलीत घेतलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. अजून दहा किलोमीटर. वरून दरीतून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, आठवा अध्याय. जूजक ब्राह्मण दानात मिळालेल्या दोन्ही मुलांना वेलीने बांधून ओढत नेतोय आणि मुलं आईला हाका मारताहेत. म्हणजे पंचवीस मिनिटं, फार तर तीस. मी बॉनेट उघडलं, हात काळे करून घेतले, काय शोधायचं ते माहीत नसताना शोधू लागलो. मला रडू येत होतं. चोपन्न वर्षांचा माणूस, आईचा अध्याय, आणि समोर उघडं बॉनेट.

लुआंग-पो उतरले, कंबर ताणली आणि सावकाश गाडीच्या पुढे आले. भिक्खू होण्यापूर्वी त्यांनी अकरा वर्षं उसाचा ट्रक चालवला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी ती सगळी कापडं आणि माळा पाहिल्या.

"हे काय?"

"मे-यानांगसाठी."

"किती आहेत?"

"सात. आणि माळा."

"तिने मागितल्या होत्या?"

"नाही."

"हं." ते वाकले आणि कापडांच्या थराला बोट लावलं. "यामागे काय आहे?"

"जाळी. जाळीमागे तेलाचा कूलर."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांनी ते ऐकलं. देचचं सगळं निरूपण मला आठवलं. वारा खाऊन परत यायचा रस्ता. दार सताड उघडं होतं, तेल बिचारं वारा खायला येत होतं, आणि मी दाराबाहेर सात गोधड्या टांगून ठेवल्या होत्या.

"देवीचं तोंड दाबून धरलंयस आणि म्हणतोस तिला धाप लागते," लुआंग-पो म्हणाले.

पण सोडायचं कसं? वाहिलेली वस्तू. माझा हात पुढे होईना. त्यांनी स्वतः खाली बसून एकेक गाठ सोडली, प्रत्येकीला काहीतरी पुटपुटून. लाल, सोनेरी, तीनरंगी. शेवटी पांढरं वस्त्र आलं. धुळीने तपकिरी झालं होतं.

"हे आईचं आहे," मी म्हणालो.

"मग ते तुझ्या खांद्यावर हवं. जाळीवर नाही." त्यांनी ते झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

मागून राम्फा हळू आवाजात म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"काय?"

"की वारा अडेल."

"मग बोलली का नाहीस?"

"आईंचं वस्त्र बांधत होता तुम्ही. मी कशी बोलणार?"

मी तिथूनच देचला फोन लावला. तो म्हणाला, "हो पी, मला माहीत होतं. पण देवीची वस्तू, तुमची भक्ती... भीड वाटली. म्हणून म्हटलं, झडप उकळू या." लुंग सानान यांनी नंतर कबूल केलं की तिसऱ्या कापडापासून त्यांनाही संशय होता, पण पहिलं कापड त्यांनीच सुचवल्यामुळे आता नको कसं म्हणायचं. म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. माझं मन दुखू नये म्हणून सगळ्यांनी माझं इंजिन शिजू दिलं. या प्रेमाला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही, पण ते प्रेमच आहे याबद्दल शंका नाही.

तेल निवेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग निघालो. एकशे बारा. एकशे चार. नव्याण्णव. वारा जाळीतून शिरत होता आणि ती गुणी झडप तिचं काम करत होती, जे ती बिचारी पहिल्यापासून करत होती. लुआंग-पो घसा साफ करत शेजारी गुणगुणू लागले, पण ते काय गुणगुणत होते हे मला सांगता येणार नाही. माझे डोळे काट्यावर होते आणि कान वरच्या लाउडस्पीकरवर. आठव्या अध्यायाचे भिक्खू देवमाणूस निघाले. नववा गायक आला नाही हे पाहून त्यांनी मुलांचं रडणं लांबवलं होतं. ती मुलं त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट रडली. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा त्यांचा शेवटचा हुंदका चालू होता.

चारजण धावत आले आणि लुआंग-पोंना हात देऊन आत घेऊन गेले. राम्फा परात घेऊन मागे पळाली. यजमान मी, पण माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा भला मोठा नकाशा उमटला होता. अशा हातांनी धर्मासनासमोर कसं जायचं? मी नळावर गेलो. साबण, मग माती, मग भांड्यांचा काथ्या. तेल जाईना. इतकं चिवट तेल होतं की मला क्षणभर त्याचा अभिमान वाटला.

आत सुरुवात झाली होती. नळाच्या धारेत मला शब्द कळत नव्हते, फक्त सूर येत होता. सुरुवातच आईची होती. मद्दी रानातून परत निघते, वाट रोजचीच, पण फळांच्या झाडांना फुलं लागलेली आणि फुलांच्या झाडांना फळं, आणि तिला कळत नाही की आज काय बिघडलंय. बाकीचे लोक पुढे, मुलं सापडत नाहीत तिथे रडतात. आई सुरुवातीलाच रडायची, कारण पुढचं तिला माहीत असायचं.

सदऱ्यावरचा नकाशा झाकायला आईचं वस्त्र खांद्यावरून घेतलं आणि मी आत गेलो, तेव्हा मद्दी मुलांना शोधत आश्रमाभोवती तिसरी फेरी घालत होती. मी मागच्या खांबाशी बसलो. पुढे नव्वद वाकलेल्या मेणबत्त्या नव्वद दिशांना जळत होत्या. लुआंग-पोंचा आवाज असा मोकळा मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. लोक म्हणाले, शेवटचं गाणं म्हणून जीव ओतला. राम्फा म्हणाली, हीटर. जे काही असेल, मंडपात एकही डोळा कोरडा नव्हता. मी मनापासून रडलो, पुण्यदानाचं पाणी आईच्या नावाने सोडलं, आणि तरी आत कुठेतरी रुखरुख राहिली. सुरुवात गेली. आणि ती पुन्हा कुणी गाणार नव्हतं.

तेरावा अध्याय संपला तेव्हा साडेपाच झाले होते. डोंगरावर वारा सुटला होता. लुआंग-पोंना खाली सोडायला तीन नव्या गाड्या दारं उघडून उभ्या होत्या. ते त्यांच्यामधून सरळ चालत आले आणि माझ्या गाडीत बसले. माझी मान किती ताठ झाली असेल ते सांगत नाही.

मी इंजिन सुरू केलं. राम्फा मागे बसली. निरोप द्यायला निम्मा गाव हात जोडून भोवती उभा होता.

"चल," लुआंग-पो म्हणाले.

"लुआंग-पो, थोडं थांबावं लागेल."

"आता काय?"

"तेल थंड आहे. कोमट होऊ दे, मग निघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "दुपारभर थंड हो, थंड हो म्हणून तिच्या मागे लागला होतास!"

"दोन्ही लागतं तिला," मी ओशाळून म्हणालो. "आत्ता तेलाचं दार बंद आहे. ते घरातच फिरतंय. ऐंशीला उघडेल."

"किती वेळ?"

"सात-आठ मिनिटं."

गाव हात जोडून उभाच होता. लुआंग-पोंनी खिडकीची काच वर केली, मान मागे टेकली. 

"खांबामागे बसला होतास तू," ते म्हणाले. "उशिरा आलास."

"हात धूत होतो."

"म्हणजे झाडांचं चुकलं तुझं."

मी मान हलवली. 

त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू, बोलण्याहून थोड्याच वरच्या पट्टीत, सुरुवात केली. मद्दी रानातून निघाली. फळांच्या झाडांना फुलं होती. मागे राम्फाने हात जोडले. मीही जोडले, आणि काट्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.